आफ्रिकी मुखवट्यांचं प्रदर्शन भरवायचंय? हॉल सगळ्यात शेवटी बुक करा

कॉलेजांत, वाचनालयांत, महाराष्ट्र मंडळांत आफ्रिकी मुखवट्यांची छोटी प्रदर्शनं अधूनमधून भरतात. कुणी नैरोबीत किंवा लागोसला अनेक वर्षं नोकरी करून परतलेलं असतं, कुणाच्या कॉलेजात नायजेरिया-टांझानियाची मुलं शिकत असतात, आणि २५ मे हा आफ्रिका दिन असतो, त्यामुळे निमित्तही मिळतं. गडबड होते ती क्रमात. आधी हॉल ठरतो, मग बॅनर छापतात, मग ‘कोणाकडे मुखवटे आहेत का?’ असा मेसेज ग्रुपवर फिरतो, आणि उद्घाटनाच्या आदल्या रात्री एखाद्या आफ्रिकी विद्यार्थ्याला फोन जातो: ‘ढोल वाजवायला येशील का?’ यातून प्रदर्शन उभं राहत नाही, भिंतीची सजावट होते.

खालचा क्रम साधारण तीन ते चार महिन्यांचा आहे. उदाहरण पुण्या-मुंबईतल्या हॉलचं धरलंय. नैरोबी किंवा लंडनच्या मंडळांनी हवामानाचा भाग वगळून बाकीचं तसंच घ्यावं.

टप्पा १: नकाशा लहान करा, माणसं आधी गाठा

आफ्रिकी संघात ५५ सदस्य देश आहेत. ‘आफ्रिकेचे मुखवटे’ असा विषय धरलात तर एकाही समाजाबद्दल धड काही सांगता येणार नाही. दोन, फार तर चार समाज निवडा. कोणते, ते तुमच्या शहरात कोण राहतं त्यावर ठरवा. नायजेरिया आणि बेनिनचे योरुबा, मालीचे बामाना, सिएरा लिओनचे मेंडे, आयव्हरी कोस्टचे गुरो, मलावी-झांबिया-मोझांबिकमधले चेवा, टांझानिया-मोझांबिकचे माकोंडे या सगळ्यांकडे मुखवट्यांची भक्कम परंपरा आहे, पण प्रत्येकाची रीत वेगळी.

माणसं शोधायला विद्यापीठाचा आंतरराष्ट्रीय विद्यार्थी विभाग, आफ्रिकी विद्यार्थ्यांच्या संघटना आणि शिष्यवृत्त्या देणारी भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद ही सरळ ठिकाणं आहेत. पहिल्या बैठकीला रिकाम्या हाताने जा. ‘आम्ही असं ठरवलंय’ म्हणत गेलात की समोरचे पाहुणे होतात आणि पाहुणा चूक दाखवत नाही. काय दाखवायचं आणि काय नाही, याचा निर्णय घेणाऱ्या समितीत त्या समाजाची किमान दोन माणसं हवीत. त्यांच्या वेळेचं मानधनही ठरवा. मंडपवाल्याला पैसे देतो आणि माहिती देणाऱ्याला नारळ, हे बरं दिसत नाही.

एक गोष्ट हमखास विसरली जाते. नायजेरियाहून आलेला प्रत्येक मुलगा मुखवट्यांच्या परंपरेचा जाणकार नसतो. कित्येक घरं कट्टर ख्रिश्चन किंवा मुस्लिम असतात आणि मुखवट्यांपासून ठरवून लांब राहतात. कुणी नकार दिला तर तो तिथेच संपवा, कारण विचारत बसू नका.

> इशारा: जंजिऱ्याचे सिद्दी किंवा मलिक अंबर यांना या प्रदर्शनात ओढायचा मोह होतो. मलिक अंबर मूळ इथिओपियाचा. वर सांगितलेल्या परंपरा बहुतेक पश्चिम आफ्रिकेतल्या, तर चेवा-माकोंडे आग्नेयेकडचे. दोन्ही विषय मोठे आहेत. सिद्दींवर करायचं तर वेगळं प्रदर्शन करा, त्यांच्याबरोबर बसून.

टप्पा २: काय दाखवायचं नाही, हे लिहून काढा

वस्तू गोळा करण्याआधीच हे व्हायला हवं. मुखवटा हा बहुतेक ठिकाणी पूर्ण सोंगाचा एक भाग असतो. पोशाख, ताल, नाचणारा, प्रसंग आणि तो कुणी पाहायचा याचे नियम, हे सगळं त्याच्याबरोबर येतं. जव्हार-मोखाड्याचा बोहाडा पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको: तिथेही कुठलं सोंग कुणाच्या घरचं, हे ठरलेलं असतं.

प्रत्येक मुखवट्यासाठी समितीला तीन प्रश्न विचारा:

१. हा कोण घालतो आणि कोण घालत नाही?
२. हा कुणी पाहू नये असा नियम आहे का? स्त्रियांनी, लहान मुलांनी, दीक्षा न घेतलेल्यांनी?
३. नाच नसताना हा नुसता ठेवलेला दाखवणं चालतं का?

उत्तरं अपेक्षेपेक्षा वेगळी येतात. योरुबांच्या गेलेदे या मुखवट्यांच्या नाचात आयांचा, वृद्ध स्त्रियांच्या सामर्थ्याचा सन्मान असतो, पण मुखवटा घालून नाचतात पुरुष. मेंडे समाजात उलट: सांडे या स्त्रियांच्या संस्थेत काळाभोर, डोक्यावरून उतरणारा सोवेई मुखवटा स्त्रियाच घालतात. आफ्रिकेत लाकडी मुखवटा स्त्रियांनी घालण्याची अशी उदाहरणं अगदी थोडी, त्यामुळे सोवेई प्रत्येक आयोजकाला हवा असतो. पण सांडेच्या दीक्षाविधीत मुलींच्या जननेंद्रियांचं छेदन होत आलंय आणि त्यावर सिएरा लिओनमध्येच मोठा वाद आहे. कुणीतरी प्रेक्षक इंटरनेटवर वाचून विचारणारच. काय उत्तर द्यायचं, ते तिथल्या स्त्रियांशी बोलून आधी ठरवा. तसं कुणी नसेल तर सोवेई ठेवू नका.

योरुबांचा एगुंगुन हा सोंगाचा प्रकार पूर्वजांशी जोडलेला. त्यात आतल्या माणसाचं अंग दिसू द्यायचं नसतं. असा पोशाख एखाद्या स्वयंसेवकाला चढवून गेटवर उभं करणं म्हणजे समितीतल्या योरुबा माणसाला घरी पाठवण्याचा खात्रीचा मार्ग.

टप्पा ३: वस्तू आणि कागद

वस्तू तीन वाटांनी येतात: आफ्रिकेत राहिलेल्या मराठी घरांतून, विद्यार्थ्यांकडून, आणि फोटोंच्या रूपात. शेवटची वाट कमी प्रतीची समजू नका. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने २०१७ पासून आपल्या संग्रहातल्या हक्कमुक्त वस्तूंचे फोटो सर्वांना वापरायला खुले केलेत. वस्तूच्या पानावर तशी खूण आहे ना, ते बघा आणि मोठ्या आकारात छापून घ्या. संशयास्पद मुखवट्यापेक्षा चांगला फोटो कधीही बरा.

घरांतून येणाऱ्या वस्तूंचं एक उघड गुपित आहे. नैरोबीच्या बाजारात ‘मसाई मुखवटा’ म्हणून जे मिळतं, ते पर्यटकांसाठी केलेलं असतं. मसाईंमध्ये मुखवट्यांची परंपराच नाही. नायजेरियाहून येणारी राणी इदियाच्या मुखाची प्रतिकृतीही अशीच घोटाळ्यात टाकते. मूळ वस्तू सोळाव्या शतकातली, हस्तिदंताची, बेनिन राज्याच्या (हे आजच्या नायजेरियात, बेनिन देश वेगळा) ओबाने म्हणजे राजाने अंगावर लटकवायची. ती चेहऱ्यावर घालायची नव्हेच. इंग्रजांनी १८९७ च्या स्वारीत बेनिन शहर लुटलं तेव्हा ती बाहेर गेली. १९७७ च्या लागोस महोत्सवाचं ते बोधचिन्ह होतं, म्हणून घरोघरी पोचली.

असल्या वस्तू नाकारायच्या का? मुळीच नाही. ‘बाजारासाठी घडवलेला’ असं फलकावर स्पष्ट लिहा आणि ठेवा. फक्त वस्तूच्या मालक काकांना हे आधी, खासगीत सांगा. ‘शंभर वर्षं जुना आहे हो’ असं त्यांना विकणाऱ्याने सांगितलेलं असतं आणि त्यांनी ते पाहुण्यांना अनेक वर्षं ऐकवलेलं असतं. उद्घाटनाला फलक वाचून त्यांना कळावं, ही वेळ आणू नका.

वापरातला मुखवटा ओळखायला तो उलटा करून आतून बघा. कपाळ आणि गाल टेकतात तिथे लाकूड घासून गुळगुळीत आणि घामाने गडद झालेलं असतं. कडेने भोकं असतात, त्यांतून पोशाख शिवायची किंवा बांधायची दोरी जाते, आणि दोरीने भोकांच्या कडा झिजतात. बाजारी मालात भोकं नसतात, किंवा असली तर धारदार, कोरी. काळा रंग बूटपॉलिशचा असेल तर पांढऱ्या फडक्याला लागतो आणि वासही येतो. हे अंदाज आहेत, प्रमाणपत्र नव्हे. फलकावर ‘प्राचीन’, ‘दुर्मीळ’ असे शब्द यांच्या भरवशावर टाकू नका.

प्रत्येक वस्तूबरोबर एक पान हवं: मालकाचं नाव, वस्तू कुठून आणि केव्हा आली, कशाची आहे, आधीचे तडे-तुटी, चार बाजूंचे आणि आतला असे पाच फोटो, विम्यासाठी मान्य किंमत, कधी घेतली, कधी परत. दोघांच्या सह्या. ‘अहो, आपलीच माणसं, कागद कशाला’ हे ऐकून घ्या आणि कागद करा. फ्रान्समध्ये एका वृद्ध जोडप्याने घरातला एक मुखवटा १५० युरोला विकला. तो गॅबनच्या फांग समाजाचा न्गिल मुखवटा निघाला आणि २०२२ मध्ये लिलावात ४२ लाख युरोंना गेला. प्रकरण कोर्टात गेलं.

> इशारा: हस्तिदंत, बिबट्याचं कातडं, कोलोबस माकडाची फर, ओळख न पटणारी पिसं असलेली कुठलीही वस्तू घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि तो ‘ही तर आजोबांची’ या उत्तरावर थांबत नाही. मालकाला वनखात्याकडे चौकशी करायला सांगा.

टप्पा ४: कीड, दमटपणा आणि पॉलिशचा मोह

आलेली वस्तू थेट इतरांशेजारी ठेवू नका. पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत, खाली काळा कागद घालून, दोन-तीन आठवडे वेगळी ठेवा. कागदावर पिठासारखी फिकट भुकटी पडली की लाकडात जिवंत कीड आहे. पिसं, कातडं, कापड असेल तर कसरीची अंडी आणि कोशही बघा.

कीड सापडली तर फवारा मारू नका, रंग जातो. साध्या लाकडी वस्तूसाठी डीप फ्रीझर उत्तम: दोन थर प्लास्टिकमध्ये हवा काढून घट्ट बंद करायची, उणे १८ ते २० अंशांवर दोन आठवडे ठेवायची, आणि बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडायची नाही. नाहीतर थंड लाकडावर दव धरतं. जाड रंगाचे पापुद्रे सुटलेल्या किंवा मणी-काच चिकटवलेल्या वस्तूला हा उपाय नको. ती परत पाठवा.

स्वच्छता म्हणजे मऊ, कोरडा ब्रश. संपलं. खोबरेल, जवसाचं तेल, फर्निचर पॉलिश, ओलं फडकं, काही नाही. काही मुखवट्यांवर जो खडबडीत, मळकट थर दिसतो तो मळ नसतो. विधीत वाहिलेल्या द्रव्यांचा थर असतो आणि वस्तूचा अर्धा इतिहास त्यातच आहे. हौशी स्वयंसेवकाला रिकामं बसवलं की तो नेमकं हेच घासून काढतो.

हवामानाचं म्हणाल तर जून ते सप्टेंबर बाद. रॅफियाच्या (एका ताडाच्या पानांच्या धाग्यांच्या) झालरीला बुरशी येते. एप्रिल-मेच्या दुपारी पुण्याची हवा ठणठणीत कोरडी, लाकूड तडकतं. नोव्हेंबर ते जानेवारी सगळ्यात बरं. २५ मेचाच हट्ट असेल तर त्या दिवशी व्याख्यान ठेवा. नाहीतरी मे महिन्यात निम्मे विद्यार्थी परीक्षेत किंवा गावी असतात. हॉलला एसी असेल तर तो दिवसा चालू, रात्री बंद असं करू नका. रोजच्या चढउतारानेच तडे जातात. त्यापेक्षा पंखे परवडले.

*तपासणी:* इथवर येईपर्यंत प्रत्येक वस्तूचं सही झालेलं पान, फोटो आणि समितीची ‘चालेल’ अशी नोंद हातात हवी. तिन्हींपैकी एक नसेल तर ती वस्तू यादीतून काढा. मगच हॉल बुक करा, कारण किती जागा लागणार हे आत्ता कळलं.

टप्पा ५: फलक

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि त्या छापलेल्या असतात. नेहमी दिसणारा फलक असा:

‘आदिवासी आफ्रिकन मुखवटा. दुष्ट शक्तींना पळवून लावण्यासाठी वापरतात.’

समाज नाही, देश नाही, नाव नाही, आणि जे सांगितलंय ते बहुधा चूक. त्याऐवजी:

‘चिवारा, नर-मादी जोडी. बामाना समाज, माली. लाकूड. मालकांनी बामाकोच्या बाजारातून घेतली. बाजारासाठी घडवलेली. हरणासारखा हा आकार चेहऱ्यावर न बांधता विणलेल्या टोपीला जोडून डोक्यावर घालतात. नर्तकाचं अंग आणि चेहरा धाग्यांच्या काळ्या झालरीने झाकलेला असतो. हातांतल्या काठ्यांवर वाकून जोडी एकत्र नाचते. हा नाच शेतीशी जोडलेला आहे आणि मेहनती शेतकऱ्याचा त्यात मान आहे.’

पन्नास-साठ शब्दांत एवढं बसतं. क्रम असाच ठेवा: नाव, समाज, देश, साहित्य, वस्तू कुठून आली, कशी घालतात, केव्हा. ‘आदिम’, ‘रानटी’, ‘गूढ’, ‘काळी जादू’ हे शब्द शोधून शोधून काढा. क्रियापदं वर्तमानकाळी ठेवा, जिथे परंपरा चालू आहे तिथे. गेलेदे, झांबियातली माकिशी आणि चेवांचा गुले वामकुलू हे मुखवट्यांचे नाच २००८ पासून युनेस्कोच्या जिवंत वारशाच्या यादीत आहेत, गुरोंचा झाऊली २०१७ पासून. ‘पूर्वी आफ्रिकेत असे नाच होत’ असं लिहिलंत तर ते नाचणारा माणूस फलकासमोर उभा राहून हसेल.

पिकासो आणू नका. ‘या मुखवट्यांनी पिकासोला प्रेरणा दिली’ हे वाक्य प्रत्येक प्रदर्शनात असतं आणि प्रेक्षकांना तेवढंच आठवतं.

मराठीत नावं कशी लिहायची, हे इंग्रजी स्पेलिंगवरून ठरवू नका. समितीतल्या माणसाकडून नाव बोलून घ्या, फोनवर रेकॉर्ड करा आणि कानाला ऐकू येतं तसं लिहा. छपाईआधी सगळे फलक त्याच माणसाला मोठ्याने वाचून दाखवा आणि त्याचा अर्थ इंग्रजीत सांगा. या एका तासात निम्म्या चुका निघतात.

टप्पा ६: मांडणी

भिंत, खिळा, मुखवटा. डोळ्यांच्या भोकातून सुतळी. हे आधी डोक्यातून काढा. डोळ्यांच्या कडा मुखवट्याचा सगळ्यात पातळ भाग, तिथेच तो तुटतो. दुतर्फी टेप आणि एम-सीलही नको.

वेल्डरकडून लोखंडी सळीचे स्टँड करून घ्या: जड पाया, वर दोन-तीन वाकवलेले हात, हातांवर प्लास्टिकची नळी किंवा फेल्ट, म्हणजे लोखंड लाकडाला लागत नाही. वजन मुखवट्याच्या वरच्या जाड कडेवर पेललं जावं.

मग कोन. चेहऱ्यावरचा मुखवटा असेल तर डोळे जमिनीपासून दीड मीटरवर आणा. गेलेदे डोक्यावर तिरका बसतो, नर्तक खालच्या कापडातून बघतो, म्हणून तो भिंतीवर सरळ उभा टांगला की त्याचं तोंड आकाशाकडे जातं आणि वरची कोरीव गंमत दिसतच नाही. त्याला माणसाच्या उंचीच्या स्टँडवर, आहे त्या कोनात ठेवा. चिवाराही तसाच. सोवेईला चारही बाजूंनी फिरता येईल अशी जागा द्या, केशरचना मागूनच बघायची असते.

शेजारी पूर्ण पोशाखातल्या नाचाचा फोटो किंवा व्हिडिओ प्रत्येक गटाला हवाच. आवाज एका वेळी एकाच स्क्रीनचा. चार ढोल एकदम सुरू झाले की कुणी फलक वाचत नाही.

प्रकाश कमी ठेवा. रॅफिया, पिसं, रंगवलेलं कापड यांना ५० लक्स (लक्स हे प्रकाश मोजायचं एकक), रंगीत लाकडाला १५० ते २०० पर्यंत. मोबाइलच्या ॲपवर अंदाज येतो. हॅलोजन नको, एलईडी. खिडकीवर पडदा.

> इशारा: मंडपवाल्याने पाठीमागे लावलेला झगझगीत झेब्रा-बिबट्याच्या पट्ट्यांचा पडदा परत पाठवा. स्वयंसेवकांना तसले कपडे आणि चेहऱ्यावर रंग, हेही नको.

टप्पा ७: उद्घाटन आणि पुढचे दिवस

समई लावायची असेल तर दाराबाहेर. रॅफिया वाळल्या गवतासारखा भडकतो. मुखवट्यांना हार, हळदकुंकू, अक्षता नाहीत, उदबत्ती नाही. आपल्याकडून आदर म्हणून होतं, पण कुंकवाचा डाग सच्छिद्र लाकडातून निघत नाही आणि तो विधी त्या मुखवट्याचा नाही. प्रमुख पाहुण्यांना हे आदल्या दिवशी सांगा. आफ्रिकी समितीतला माणूस व्यासपीठावर पहिला बोलावा, आभारप्रदर्शनाच्या रांगेत नको.

मुखवटा तोंडाला लावून सेल्फी हा रोजचा त्रास असतो. त्यासाठी दाराजवळ पुठ्ठ्याची चौकट ठेवा आणि ‘वस्तूंना हात लावू नका’ या पाटीखाली कारणही लिहा. कारण दिलं की लोक ऐकतात. मुलांची कार्यशाळा घ्यायची तर खऱ्या मुखवट्याची नक्कल नको. झाऊलीचा व्हिडिओ दाखवा, त्या पावलांचा वेग बघून मुलं वेडी होतात, आणि मग त्यांना पुठ्ठ्यावर मनाने काहीही करू द्या.

स्वयंसेवकांना तीन उत्तरं पाठ हवीत: हे कुठल्या समाजाचं, हे कसं घालतात, ही वस्तू इथे कशी आली. चौथा प्रश्न आला तर ‘विचारून सांगतो’. थापा मारणारा हुशार स्वयंसेवक सगळ्यात धोकादायक.

टप्पा ८: उतरवणं

शेवटच्या संध्याकाळी सगळे दमलेले असतात आणि टेम्पोवाला हॉर्न मारत असतो. म्हणून उतरवणं दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवा, हॉलचा अर्धा दिवस जास्त घ्या. एकेक वस्तू काढली की आधीच्या पाच फोटोंशी ताडायची, नवीन ओरखडा असेल तर तिथेच नोंदवायचा.

बांधणीला वर्तमानपत्र नको, शाई लागते. बबल रॅप थेट रंगावर नको, गोल ठसे उठतात. आधी पांढरा टिश्यू किंवा धुतलेलं मलमल, मग बाकीचं. झालर वेगळी, सैल गुंडाळी करून. खोक्यावर ‘ही बाजू वर’ लिहायचं आणि मालकाच्या हातातच द्यायचं, वॉचमनजवळ ठेवून यायचं नाही. परतीच्या पानावर सही.

शेवटचं काम आठवड्याच्या आत करा: फोटो, फलकांचे मजकूर आणि रेकॉर्ड केलेले उच्चार यांची एक प्रत समितीतल्या आफ्रिकी संघटनेला द्या. पुढच्या वर्षी ती मुलं पदवी घेऊन गेलेली असतील, नवी आलेली असतील, आणि त्यांना हे काम पुन्हा पहिल्यापासून करायला लागू नये.